आजीबाईंची दुपार

दुपारचे दोन वाजून गेले की घर शांत होते. जेवणे आटोपलेली असतात, स्वयंपाकघर झाकपाक करून झालेले असते. कामावर जाणारे कामावर आणि शाळेत जाणारे शाळेत गेलेले असतात. चारच्या चहाचे आधण ठेवावयाला अजून अवकाश असतो. ही जी दीड-दोन तासांची सवड मिळते, ती फार जुन्या काळापासून आजीबाईंच्या मालकीची आहे. कापसाची परडी काखेत घेऊन, भिंतीचा आधार घेत एक म्हातारी शेजारच्या पायरीपर्यंत येते आणि विचारते, "काय माई, जेवण झालं का?" आतून उत्तर येते, "या हो काकू, हे आत्ताच हात धुतले." आणि बैठक सुरू होते.

या बैठकीला निमंत्रण लागत नाही. अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते, इतिवृत्त तर नसतेच. म्हणून बाहेरच्या माणसाला तिचे महत्त्व सहसा कळत नाही. "म्हाताऱ्यांच्या गप्पा" एवढे म्हणून तो पुढे जातो. पण ज्या गोष्टीसाठी पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी दिवसातला आपला एकमेव मोकळा वेळ खर्च केला, ती निव्वळ वेळ घालविण्याची युक्ती असेल हे संभवत नाही. या गप्पांत काय घडते, त्या कशाच्या जोरावर चालतात आणि त्या बंद पडल्या म्हणजे कोणाचे काय बिघडते, हे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे.

प्रथम जागेचा विचार करू. महाराष्ट्रात ही जागा म्हणजे ओटी, ओसरी किंवा घरापुढचा ओटा. इंदुरात आणि वडोदऱ्यात तोच 'ओटला' होतो. बेळगावकडे 'कट्टा' म्हणतात, आणि कन्नड 'कट्टे' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. गोव्याच्या जुन्या हिंदू घरांत 'वसरी' असते. हैदराबादेत आणि ग्वाल्हेरीत शेजारच्या भाषेतला 'चबुतरा' मराठी तोंडातही सहज बसला आहे. नावे निरनिराळी असली तरी रचना एकच. ही जागा घरातही नसते आणि रस्त्यावरही नसते. तेथे बसलेली स्त्री घर सोडून गेली असे कोणी म्हणू शकत नाही, आणि तिला घरात कोंडले आहे असेही होत नाही. घरात जावयाचे म्हणजे चप्पल काढणे, पाणी देणे-घेणे, सुनेची झोप मोडणे हे सारे आले. पायरीवर बसावयाला यांपैकी काही लागत नाही. येणे सोपे आणि उठून जाणे त्याहून सोपे, म्हणूनच ही बैठक रोज भरू शकते.

दुसरी गोष्ट हाताची. रिकाम्या हातांनी बसणे जुन्या पिढीच्या स्त्रीला कधी जमले नाही. काही ना काही काम मांडीवर घेतल्याशिवाय बसण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही, अशीच तिची समजूत करून दिलेली होती. म्हणून गप्पांबरोबर काम चाले. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, सांडगे, पापड. लग्नसराई जवळ आली की गव्हले, मालत्या आणि नखुले. पावसाळ्याआधी जुन्या लुगड्यांची गोधडी. आणि बाराही महिने वाती. सरकी काढून, कापूस पिंजून, बोटे दुधात किंवा राखेत बुडवून वात वळावयाची. बोटाला ओल किंवा राख असली म्हणजे कापूस निसटत नाही आणि पीळ घट्ट बसतो. निरांजनाची फुलवात निराळी, समईची लांब वात निराळी. देवाच्या वस्त्रमाळा त्याहून निराळ्या.

या वातींचा हिशेब करून पाहिला म्हणजे बैठकीचे कारण ध्यानात येते. चातुर्मासात लक्ष वाती लावण्याचा नेम पुष्कळ स्त्रिया धरीत. चातुर्मास म्हणजे सुमारे १२० दिवस. एकटीने लक्ष वाती वळावयाच्या तर रोज आठशेहून अधिक झाल्या पाहिजेत. चौघी बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनशेच्या आसपास येतात, आणि तेवढ्या एका दुपारीत बोलता बोलता होऊन जातात. शेवयांचेही तसेच. एकीने मळावयाचे, दुसरीने वळावयाचे, तिसरीने खाटेवर पसरावयाचे. आज एका घरचे वाळवण, उद्या दुसऱ्या घरचे. त्याची नोंद कोणी ठेवीत नसे आणि ती विसरतही कोणी नसे.

कामाचा आणखी एक उपयोग आहे. नजर हातातल्या कापसावर असली म्हणजे मनातले बोलणे सोपे जाते. समोरासमोर डोळ्यांत पाहून "मुलगा तीन महिने झाले, पत्र पाठवीत नाही" असे सांगणे अवघड. तेच वात वळता वळता, मान खाली घालून सांगता येते. ऐकणारीलाही लगेच काही बोललेच पाहिजे असे नसते. ती दोन वाती आणखी वळते आणि मग म्हणते, "कामात असेल हो. माझ्या धाकट्याचंही असंच होतं पहिल्या वर्षी." दुःख सांगितले गेले, ऐकले गेले, आणि कोणाचा मानही गेला नाही.

आता गप्पांच्या रचनेकडे वळू. वरवर पाहता त्या विस्कळीत वाटतात, पण त्यांना एक ठरलेला क्रम असतो. पहिला प्रश्न जेवणाचा. "आज काय केलं होतं?" हा प्रश्न नवख्या माणसाला पोरकट वाटेल, परंतु अनुभवी आजीबाईच्या दृष्टीने त्यात घराची सगळी खबर असते. "नुसता मऊ भात केला" असे उत्तर आले की पाठोपाठ "कोणाला बरं नाही?" हे आलेच. "वरईचे तांदूळ" म्हटले की उपासाचा हिशेब निघतो. महिन्याच्या अखेरीस सलग चार दिवस पिठलेच होत असेल, तर कोणी काही विचारीत नाही. संध्याकाळी मात्र "आमच्याकडे जास्त झाली" म्हणून भाजीची वाटी त्या घरी जाते. ज्या घराने तोंडाने काही मागितलेले नाही, त्याला न मागता देण्याची ही रीत होय. विचारपूस अशी बेताने केली जाते की देणारीला उपकाराचा तोरा मिरविता येत नाही आणि घेणारीला खाली पाहावे लागत नाही.

दुसरा विषय मुलाबाळांचा. टेलिफोन घरोघरी नव्हते त्या काळी पोस्टमन दुपारच्या टपालाने कोणाकडे थांबला हे ओट्यावर आधी कळे. एखाद-दुसरीलाच वाचता येई. तिच्याकडे सर्वांची पत्रे येत आणि ती मोठ्याने वाचली जात. वडोदरा संस्थानात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली मुलांबरोबर मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सक्तीच्या शाळेत अक्षर शिकलेली मुलगी पुढे आजी झाली, तेव्हा ओट्यावरची पत्रवाचक तीच झाली. पत्रातली कोणती ओळ मोठ्याने वाचावयाची आणि कोणती गिळून टाकून नंतर एकटीला सांगावयाची, ही समज मात्र शाळेने दिलेली नव्हती. ती त्या बैठकीनेच दिली.

तिसरा विषय दुखण्याखुपण्याचा, आणि त्यातून निघणारा औषधांचा. सुंठ, ओवा, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, मुरुडशेंग, हळद या साऱ्यांची मात्रा, उगाळण्याचे वेढे, कोणत्या ऋतूत काय द्यावयाचे, हे ज्ञान पुस्तकात शिरण्याआधी ओट्यावर होते. 'आजीबाईचा बटवा' हा शब्दच त्यातून भाषेत आला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बटव्यातले सारेच निर्धोक नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटविणे धोक्याचे आहे, कारण मधातील काही जंतूंमुळे एवढ्या लहान जिवाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तान्ह्या बाळाची गुटीही डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. डोळ्यांत घालावयाच्या काजळाविषयीही आज डॉक्टर सावधगिरीचाच सल्ला देतात. ओट्यावरचे ज्ञान जसे चटकन पसरते तशी ओट्यावरची चूकही पसरते. तथापि बाळंतिणीला रोज पाहून जाणारी, बाळ निपचित पडले तर "हे घरचं काम नाही, दवाखान्यात न्या" असे ठासून सांगणारीही त्याच ओट्यावरची असते, हे विसरता येत नाही.

चौथा विषय गाऱ्हाण्यांचा. तो बहुधा शेवटी निघतो आणि सर्वांत हलक्या आवाजात चालतो. सून, लेक, जावई, विहीण, वाटण्या, आणि हातात पैसा नसणे. येथे म्हणींचा फार उपयोग होतो. "घरोघरी मातीच्या चुली" असे म्हटले की आपले दुःख एकटीचे नाही हा दिलासा मिळतो. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे" असे एखादी म्हणते तेव्हा ती बोलणारीचे सांत्वनही करते आणि तिला हळूच टोचतेही. कारण तिच्या सासूपणाचे चार दिवस सर्वांना आठवत असतात. म्हण कोणाच्या एकीच्या मालकीची नसल्यामुळे ती बोलणारीवर राग धरता येत नाही. कडू गोष्ट नाव न घेता सांगण्याची ही सोय रोजच्या शेजारात फार मोलाची असते. उद्या पुन्हा त्याच पायरीवर बसावयाचे असते ना!

या बैठकीचे गुणगानच करावयाचे असेल तर येथे थांबता येईल. पण तिच्या उणिवाही तेवढ्याच खऱ्या होत्या. ती जातीच्या आणि आळीच्या कुंपणाने बांधलेली असे. धुणेभांडी करणारी म्हातारी त्याच वयाची असूनही पायरीच्या खालीच बसे. घरातील तरुण सुनेची उणीदुणी निघत आणि तिला स्वतःची बाजू मांडावयाला जागा नसे. एखाद्या मुलीच्या नावाला येथेच डाग लागे, आणि तो पुसावयाला वर्षे लागत. जिभेला हाड नसते, हे ओट्यालाही लागू होतेच.

तरीही एका बाबतीत या दुपारच्या बैठकीने जे केले ते समारंभांनी केले नाही. हळदीकुंकवाचे आमंत्रण सवाष्णीला जाई. विधवेला जात नसे. चैत्रात, संक्रांतीत, मंगळागौरीत तिने आतल्या खोलीत राहावे असा दंडक होता. वाती वळावयाला मात्र कोणी कुंकू पाहिले नाही. किंबहुना बैठकीतील सर्वांत वडीलधारी, सर्वांत सुबक वात वळणारी आणि चातुर्मासातल्या कहाण्या मुखोद्गत असणारी बहुधा ती विधवा आजीच असे. समारंभाने जिला वगळले तिला दुपारने जागा दिली. ही जागा किती जणींना लागत होती आणि आजही लागते, हे आकडे सांगतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे ५ कोटी ३० लाख होती आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास विधवा होत्या. पुरुषांत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. म्हणजे उतारवयातील एकटेपण हे मुख्यतः स्त्रीचे एकटेपण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. समारंभांचे दार असे उघडू लागले आहे. ओट्याला दारच नव्हते.

स्त्रियांच्या या एकत्र बसण्यातून काय निपजते याची दुसरी साक्ष पहाटेच्या जात्याने ठेवली आहे. दुपारी बोलता येत नसे ते पहाटे जात्यावर गाऊन सांगितले जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती उभी करून कोपऱ्यात ठेवली गेली, आणि काम संपल्याबरोबर गाणेही थांबले. ज्यांनी ते वेळीच टिपून ठेवले त्यांच्यामुळे ते निदान वाचावयाला आणि ऐकावयाला उरले. दुपारच्या गप्पांची अशी नोंद कोणी फारशी केलेली नाही. त्या बोलल्या गेल्या आणि हवेत विरल्या.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी घरांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती भाषेची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथे नातवंडांची शाळा एका भाषेत चालते, बाजार दुसऱ्या भाषेत चालतो, खेळ तिसऱ्या भाषेत. मराठी उरते ती घरात, आणि घरातही मुख्यतः आजीच्या तोंडी. 'आजी' हा शब्दच किती जुना! संस्कृत 'आर्यिका', प्राकृत 'अज्जिआ' असा प्रवास करून तो मराठीत आला. बेळगावकडच्या कन्नड शेजारणीची 'अज्जी' त्याच गोत्यातली. नातवंड शेजारच्या मुलांचे ऐकून तिला 'दादी' किंवा 'नानी' म्हणू लागते, तेव्हा हाक मायेचीच असते. पण तिच्यामागचे शब्दभांडार हळूहळू दृष्टिआड होऊ लागते.

ते कसे, हे धान्याच्या एका सुपावरून कळेल. मराठीत धान्य निवडतात, पाखडतात, घोळतात, चाळतात आणि वेचतात. निवडणे म्हणजे खडे हाताने बाजूला काढणे. पाखडणे म्हणजे सूप वरखाली हलवून फोल उडविणे. घोळणे म्हणजे सूप गोल फिरवून जड आणि हलके वेगळे करणे. चाळणीने चाळणे निराळे, आणि सांडलेले दाणे एकेक करून उचलणे म्हणजे वेचणे. हे पाच शब्द कोशात आहेत, परंतु कोशातून ते कोणी शिकत नाही. आजी सूप हलवीत असते, शेजारीण "अगं, घोळून घे, पाखडू नकोस, वारा उलटा आहे" म्हणते, आणि पायाशी खेळणारे मूल ते ऐकते. काम, बोलणे आणि ऐकणारे कान एकत्र आले तरच असे शब्द पुढे जातात. आजी एकटीच खोलीत बसली तर तिला हे शब्द बोलावयालाच कोणी उरत नाही. आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींशी ज्या मोकळ्या, मिस्किल, टोचऱ्या मराठीत बोलतात, त्या मराठीत आजी नातवाशी एकटीने कधी बोलत नाही. नातवाशी ती सोपे आणि गोडच बोलते. भाषेची खरी चव मुलाला लागते ती मोठ्यांचे आपसातले बोलणे कानावर पडल्याने.

आज ही दुपार पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. वाडे पाडून इमारती झाल्या आणि ओटे गेले. दाराला आतून कडी आली. वाती, पापड, शेवया दुकानात मिळू लागल्या. त्यात वाईट काही नाही, कारण त्या कामात स्त्रियांचे कष्टही फार होते. पण कामाच्या निमित्ताने जे एकत्र येणे घडे त्याला दुसरे निमित्त शोधले गेले नाही. मुलगा दूरच्या शहरात गेला, त्याने आईला प्रेमाने आपल्याकडे नेले. तेथे तिला स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे, दूरचित्रवाणी आहे, वेळेवर औषध आहे. नाही ती फक्त समवयस्क शेजारीण. सातव्या मजल्यावरून खाली उतरावयाचे तर उद्वाहनाची कळ कोणती दाबावी येथपासून अडचण. घरचे म्हणतात, "आईला काही कमी नाही." आणि ती दुपारी दोन वाजता खिडकीशी बसलेली असते.

या एकटेपणाची किंमत आता वैद्यकशास्त्रही मोजू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंध या विषयासाठी खास आयोग नेमला. २०२५ च्या जून अखेरीस त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जगात सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी आहे, असा त्यातला अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, स्मृती मंदावणे आणि खिन्नता यांचा धोका त्याने वाढतो. ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. पण एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या दाराशी जाऊन कडी वाजवावी, एवढे त्यांना ठाऊक होते.

आजीबाईंच्या बोलण्यात औषध आहे, ही गोष्ट आफ्रिकेतील एका देशाने प्रत्यक्ष प्रयोगाने दाखविली आहे. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली राजधानी हरारेतील म्बारे या वस्तीत चौदा आजीबाईंना हाताशी धरले. मनाच्या आजारांची प्राथमिक ओळख आणि समोरच्याची अडचण पायरीपायरीने सोडविण्याची पद्धत त्यांना शिकविली, आणि दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवला. खिन्न माणसाने बाकावर यावे, आजीबाईने ऐकावे, एवढीच योजना. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. त्याचा अर्थ अति विचार करणे असा आहे. मराठी आजी ज्याला "मनाला लावून घेणं" म्हणते त्याच्या अगदी जवळचा. पुढे ५७३ माणसांवर या पद्धतीची रीतसर चाचणी झाली आणि २०१६ साली अमेरिकेतील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी निम्म्या माणसांत खिन्नतेची लक्षणे कायम होती. बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास होते. त्या आजीबाईंना शिक्षण दिलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ओट्यावरच्या साध्या गप्पांनी तीव्र आजार बरा होत नाही आणि अशा वेळी डॉक्टरकडेच गेले पाहिजे. परंतु आयुष्य पाहिलेल्या स्त्रीने घाई न करता ऐकून घेणे ही किती मोठी शक्ती आहे, हे त्या बाकाने जगाला दाखवून दिले.

महाराष्ट्रातही या दुपारचा नवा उपयोग करून पाहिला गेला आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जागतिक महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या म्हाताऱ्या गुलाबी रंगाचे नऊवारी लुगडे नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारच्या वेळी शाळेला जाऊ लागल्या. अंगठा उठविणाऱ्या हातांनी स्वतःची सही करावी हा हेतू होता आणि तो साधला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. एरवी शेतात आणि चुलीपाशी एकेकट्या असणाऱ्या या स्त्रियांना रोज एकत्र येण्याचे मानाचे निमित्त मिळाले. जुन्या काळी कापसाच्या परडीने जे केले तेच येथे पाटी-पेन्सिलीने केले.

तेव्हा प्रश्न उरतो तो घराघरांपुरता. ओटे परत बांधता येणार नाहीत, आणि शेवया पुन्हा हाताने वळा असे सुनांना सांगण्यातही अर्थ नाही. पण बैठकीला जे लागत होते ते फारसे खर्चाचे नव्हते. ठरलेली वेळ, पायऱ्या न चढता पोचता येईल अशी जागा, हाताला हलकेसे काम, आणि दोन समवयस्क माणसे. इमारतीच्या खाली सावलीत चार पाठीच्या खुर्च्या मांडता येतात. पहिले आठ दिवस नातवाने किंवा सुनेने हात धरून तेथवर नेले तर नवव्या दिवशी आजी आपण होऊन निघते. मजल्यावरच्या दुसऱ्या घरातली म्हातारी गुजराती, कानडी किंवा तेलुगू बोलणारी असली तरी बिघडत नाही. गुडघ्यांचे दुखणे आणि नातवंडांचे कौतुक यांना दुभाषी फारसा लागत नाही. गावी राहिलेल्या जुन्या शेजारणीशी दूरध्वनीवर बोलणे करून द्यावे, पण ते रोज एकाच वेळी. कारण वाट पाहण्यासारखे काहीतरी दिवसात असणे हेच उतारवयात अर्धे औषध असते. आणि घरात जी स्त्री धुणेभांडी करावयाला येते तिचेही वय झालेले असेल, तर जुन्या ओट्याने जी चूक केली ती नव्या ओट्याने करू नये. तिलाही खुर्ची द्यावी.

दुपारी दोन वाजता आजीला हाताशी धरून खाली नेणे एवढे जमले नाही, तर निदान तिच्या खोलीत डोकावून तिचाच जुना प्रश्न तिला विचारावा: "आजी, जेवण झालं का?" आणि उत्तर ऐकावयाला जरा बसावे. घाई करू नये. ती आधी भाजीचेच सांगेल. मनातले त्यानंतर येते.